वारसा, विश्वस्त आणि हिशेब

मनुष्य रिकाम्या हाताने जन्माला येतो, असे आपण अंत्यविधीच्या प्रसंगी हमखास म्हणतो. परंतु ते विधान पूर्णांशाने खरे नाही. कोणी कर्ज घेऊन जन्माला येतो, कोणी जमीन घेऊन, तर कोणी आडनाव घेऊन. यांपैकी आडनावाचा वारसा मोठा विलक्षण आहे. जमिनीची मोजणी होते, कर्जाला आकडा असतो. आडनावाला मात्र ना मोजणी, ना आकडा. तरीही ज्या दारावर इतरांनी वर्षानुवर्षे धडका द्याव्यात, ते दार पुष्कळदा आडनावाच्या केवळ उच्चाराने उघडते. असा वारसा लाभणे हा दोष नव्हे, आणि गुणही नव्हे. मग नीतीच्या दृष्टीने ते आहे तरी काय? ज्याला तो लाभला, त्याने तो कोणाला आणि कसा परत करावा? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका उद्योगपतीच्या चरित्राच्या आधारे करू इच्छितो. कारण अमूर्त तत्त्वे मान्य करणे सोपे असते, त्यांची कसोटी लागते ती माणसाच्या जीवनात.

जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पिंपरी आणि चिंचवड मागे टाकले की आकुर्डी लागते. बजाज ऑटोचा कारखाना याच ठिकाणी उभा राहिला आणि या परिसराचे भवितव्य पालटले. ज्या गावांची ओळख ज्वारीच्या शिवारांवरून व्हायची, ती कारखान्याच्या भोंग्यावरून होऊ लागली. नगर, सोलापूर, मराठवाडा, कोकण येथून माणसे आली. केरळातून आणि गोव्यातून आली. त्यांनी येथे चाळी केल्या, घरे बांधली, शाळा आणि मंदिरे उभारली. या कारखान्याचे दीर्घकाळचे कर्णधार राहुल बजाज १२ फेब्रुवारी २०२२ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी पुण्यात निवर्तले. त्यांचे आजोबा जमनालाल बजाज ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्याला गेले होते. या दोन मृत्यूंमध्ये ऐंशी वर्षे आणि एक दिवस एवढे अंतर आहे. या ऐंशी वर्षांत एका घराण्याचे, आणि काही अंशी या देशाचेही, जे स्थित्यंतर झाले, त्यातच आमचा प्रश्न दडलेला आहे.

जमनालाल यांचा जन्म १८८९ साली राजस्थानातील सीकर भागात एका सामान्य कुटुंबात झाला. वर्ध्याचे शेठ बच्छराज यांच्या घरी ते दत्तक आले. म्हणजे संपत्ती त्यांनाही वारशानेच, किंबहुना त्याहून अधिक योगायोगाने मिळाली. परंतु ती आपली आहे, असे त्यांना मनापासून कधी वाटले नसावे. इंग्रज सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी त्यांनी १९२१ साली परत केली. १९२३ च्या नागपूर झेंडा सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांसाठी खुले केले. आणि हे करताना स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. गांधीजींनी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात वास्तव्य केले आणि पुढे त्याचे सेवाग्राम झाले, त्यामागेही जमनालाल यांचाच आधार होता. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानीत. धनिकांनी स्वतःला संपत्तीचे मालक न समजता समाजाच्या वतीने तिचा सांभाळ करणारे विश्वस्त समजावे, ही गांधीजींची शिकवण सर्वश्रुत आहे. जमनालाल यांच्या निधनानंतर त्यांनी लिहिले त्याचा आशय असा की, विश्वस्तवृत्तीविषयी लिहिताना आपल्या डोळ्यांसमोर मुख्यतः हाच व्यापारी असे.

या घराण्यात व्यापार आणि राजकारण असे एकाच देव्हाऱ्यात नांदले. जमनालाल काँग्रेसचे खजिनदार होते. त्यांचे पुत्र कमलनयन यांनी उद्योग वाढविला आणि १९५७ पासून १९७१ पर्यंत लोकसभेत वर्ध्याचे प्रतिनिधित्वही केले. १९३८ साली कलकत्त्यात जन्मलेल्या कमलनयन यांच्या पुत्राचे राहुल हे नाव पंडित नेहरूंनी ठेवले होते. राहुल बजाज स्वतःच ते सांगत. दिल्लीचे सेंट स्टीफन्स महाविद्यालय, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय, त्यानंतर अमेरिकेत हार्वर्ड येथे १९६४ साली पूर्ण झालेले व्यवस्थापनशास्त्राचे शिक्षण, आणि १९६८ साली, वयाच्या तिशीत, बजाज ऑटोचे मुख्य कार्यकारी अधिकारीपद! या वाटचालीत कर्तृत्व नव्हते असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्याच वर्षी तेवढ्याच बुद्धीचा एखादा तरुण आकुर्डीच्या फाटकापाशी अर्ज घेऊन उभा असेल, तर त्याला तिशीत फार तर पर्यवेक्षकाची जागा मिळाली असती. या दोघांतील अंतर बुद्धीचे नव्हे, वारशाचे आहे, हे प्रथम प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तसे केल्याशिवाय वारशाचा विचार पुढे सरकतच नाही.

मात्र त्या वारशाचे राहुल बजाज यांनी काय केले, हेही तितक्याच प्रांजळपणे पाहावयास हवे. पहिली गोष्ट अशी की, ते आकुर्डीत राहिले. धनिकांनी मलबार हिलवर राहावे आणि कारखान्याला अधूनमधून भेट द्यावी, असा त्या काळचा रिवाज असताना त्यांनी आणि त्यांच्या मराठी पत्नी रूपा यांनी कारखान्याच्या आवारातील वसाहतीत संसार मांडला. त्यांचे चिरंजीव राजीव, जे पुढे कंपनीचे प्रमुख झाले, ते आकुर्डीच्याच सेंट उर्सुला शाळेत शिकले आणि पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले. ही बाब आम्हांला क्षुल्लक वाटत नाही. ज्याच्या श्रमावर आपण जगतो, त्याच्या शेजारी राहणे म्हणजे न्याय नव्हे. पण न्यायाची ती पहिली पायरी असू शकते. शेजारी राहणाऱ्याच्या घरातला आजार, त्याच्या मुलाचा निकाल, त्याच्या मुलीचे लग्न या गोष्टी कानावर येतातच. दूर राहणाऱ्याच्या हाती केवळ हजेरीपट येतो.

दुसरी गोष्ट त्यांच्या उद्योगाची. इटलीच्या पियाज्जो कंपनीशी असलेला करार १९७१ साली संपल्यावर बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक ही स्कूटर बाजारात आणली. मध्यमवर्गीय कुटुंबाचे अवघे विश्व त्या दोन चाकांवर मावत असे: पुढे उभे राहिलेले मूल, मागे कडेवर तान्हे घेऊन बसलेली आई, आणि हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी. परंतु तो परवान्यांचा काळ होता. किती स्कूटर बनवायच्या हे सरकार ठरवी. नोंदणी केलेल्या ग्राहकाला अनेक वर्षे, कित्येकदा दहा वर्षांपर्यंत, वाट पाहावी लागे. नंबर लागलेली स्कूटर ‘ऑन’ घेऊन विकली जाई. लग्नाच्या बैठकीतही तिची मागणी होई, ही दुःखाची गोष्ट. परवान्यापेक्षा अधिक स्कूटर बनवल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तरी आपली तयारी आहे, असे राहुल बजाज बोलून दाखवीत. आजोबा स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेले होते. नातू लोकांना हवी ती वस्तू बनविण्यासाठी जाऊ पाहत होता. या तुलनेचे कोणाला हसू येईल. तरी एक गोष्ट नाकारता येत नाही: टंचाई ही विक्रेत्याला सोयीची असते, आणि तरीही हा विक्रेता टंचाईविरुद्ध बोलत होता. त्याच वेळी हेही नोंदविले पाहिजे की, बाजार खुला झाल्यावर १९९३ च्या सुमारास ‘बॉम्बे क्लब’ म्हणून ओळखल्या गेलेल्या उद्योगपतींचे ते अग्रणी होते, आणि परदेशी कंपन्यांशी सामना होण्यापूर्वी देशी उद्योगांना समान संधी मिळावी असा त्यांचा आग्रह होता. मुक्तता हवी, पण तयारीनिशी हवी, अशी त्यांची भूमिका. तीत देशहित किती आणि स्वहित किती, याची वाटणी करणे कठीण आहे. माणसाचे हेतू सहसा एकजिनसी नसतात.

तिसरी गोष्ट त्यांच्या निर्भयतेची. राजकीय घराण्यातील उद्योगपतीला सत्तेशी सलगी करणे सर्वांत सोपे. त्याला सर्व वाटा ठाऊक असतात. परंतु या घराण्याने सत्तेचा रोषही सोसलेला आहे. १९६९ च्या फुटीत कमलनयन इंदिरा गांधींच्या पक्षात गेले नाहीत. आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, बजाज समूहाच्या कार्यालयांवर आणि घरांवर प्राप्तिकर खात्याच्या धाडी पडल्या. जमनालाल यांचे दुसरे पुत्र रामकृष्ण बजाज यांनी दिल्लीतील विश्व युवक केंद्र सरकारच्या हाती देण्यास विरोध केला होता, याची पार्श्वभूमी त्यांना होती. २००६ साली राहुल बजाज राज्यसभेवर गेले ते अपक्ष म्हणून, आणि तेही काँग्रेसच्या उमेदवाराचा पराभव करून. ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईतील एका समारंभात केंद्रीय गृहमंत्री व्यासपीठावर असताना, उद्योगपती सरकारवर उघड टीका करण्यास भितात, ती टीका मनमोकळेपणे स्वीकारली जाईल असा विश्वास त्यांना वाटत नाही, असे ते उभे राहून म्हणाले. कोणी भिण्याचे कारण नाही, असे उत्तर गृहमंत्र्यांनी दिले. त्या सभागृहात देशातले मोठे मोठे धनिक बसले होते. बोलला तो एक म्हातारा. त्यांच्या मताशी सहमत व्हावे किंवा न व्हावे. पण ज्याला गमावण्यासारखे पुष्कळ आहे त्याने बोलणे, हा आडनावाच्या ऋणातला एक हप्ता फेडण्याचाच प्रकार आहे, असे आम्हांला वाटते. आडनाव ढालीसारखे असेल, तर ती ढाल घेऊन पुढे उभे राहावे. तिच्या आडोशाला बसण्यात काय अर्थ?

येथवर वाचून वाचकांना वाटेल की आम्ही गौरवलेख लिहीत आहोत. तसे नाही. आमचा खरा प्रश्न याच्या पुढे सुरू होतो. आणि तो विश्वस्त या शब्दाविषयी आहे.

शुभवर्तमानातील दाखल्यात एक धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावतो आणि कारभाराचा हिशेब मागतो. त्या गोष्टीत धनी वेगळा आहे आणि कारभारी वेगळा. म्हणूनच हिशेब शक्य होतो. अलीकडचे एक उदाहरण घेऊ. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष वालेरी जिस्कार देस्तँ यांचे पुत्र आन्री हे ‘क्लब मेद’ या पर्यटन कंपनीचे २००२ पासून २०२५ पर्यंत प्रमुख होते. राष्ट्राध्यक्षाच्या पुत्राचे आडनाव त्यांनाही लाभलेले होते. परंतु कंपनी त्यांची नव्हती. २०१५ साली ती फोसुन या चिनी समूहाच्या मालकीची झाली, आणि २०२५ साली मालकांशी मतभेद होऊन त्यांना पायउतार व्हावे लागले. निर्णय योग्य की अयोग्य, हा भाग निराळा. आडनाव कितीही मोठे असो, कारभाऱ्याला हिशेब विचारणारा कोणी तरी वर होता, एवढेच येथे ध्यानात घ्यावयाचे.

गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेत मात्र एक नाजूक जागा आहे. तीत मालक स्वतःच स्वतःला कारभारी म्हणवून घेतो. कायद्याने धनी तोच, आणि नीतीने कारभारीही तोच. मग हिशेब मागायचा कोणी? जमनालाल यांच्यापुरते उत्तर सोपे होते: हिशेब मागायला गांधीजी होते, आणि जमनालाल यांनी तो अधिकार आपण होऊन त्यांच्या हाती दिला होता. पण गांधीजी वारसाहक्काने मिळत नाहीत. कारखाना नातवाकडे येतो, समभाग नातवाकडे येतात, आडनाव येते. हिशेब मागणारा मात्र येत नाही. तिसऱ्या पिढीच्या विश्वस्ताला एकांतात आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुढे उभे राहावे लागते. ती बुद्धी प्रामाणिक असली, तरी ती आपल्याच घरात वाढलेली असते, आणि घरच्या माणसाला ती फार अवघड प्रश्न विचारीत नाही.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आकुर्डीहून उत्तरेला इंद्रायणी ओलांडून गेले की चाकणचा औद्योगिक पट्टा लागतो. बजाज ऑटोने तेथे १९९९ साली उत्पादन सुरू केले. आकुर्डीतील उत्पादन मात्र २००७ साली थांबले. उत्तराखंडातील पंतनगरला करसवलती होत्या. आकुर्डीत खर्च अधिक होता. व्यवहाराच्या दृष्टीने निर्णयाला कारणे होती. पण ज्यांचे तारुण्य त्या यंत्रांपाशी सरले, त्यांना हिशेबाची ती वही कोणी उघडून दाखविली नव्हती. निर्णय त्यांच्यापर्यंत आला तो झालेला निर्णय म्हणूनच.

पुढे २५ जून २०१३ रोजी चाकणच्या कारखान्यात संप झाला. एव्हाना कारभार राजीव बजाज यांच्याकडे होता. विश्व कल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की, प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी एक रुपया दराने द्यावेत. बाजारात त्या समभागाचे मोल तेव्हा हजार रुपयांहून पुष्कळ अधिक होते. व्यवस्थापनाने ही मागणी साफ नाकारली. सुमारे पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्याला, संप मागे घेण्यात आला. समभाग मिळाले नाहीत.

व्यवस्थापनाची बाजू आम्ही दुर्लक्षू इच्छित नाही. कंपनीचे भागधारक केवळ बजाज कुटुंबीय नव्हेत. त्यांत सेवानिवृत्त शिक्षक आहेत, विधवा आहेत, विमा संस्था आहेत. त्यांच्या मालमत्तेतून दान करण्याचा अधिकार कोणा एकाला नाही. शिवाय जोखीम घेणाऱ्याला लाभ, आणि श्रम करणाऱ्याला वेतन, असा उद्योगाचा रूढ नियम आहे, आणि चाकणच्या कामगारांचे वेतन परिसरातील पुष्कळ कारखान्यांपेक्षा बरे होते, असाही युक्तिवाद होता. हे सर्व विचारात घेऊनही आम्हांला वाटते की, ती मागणी अव्यवहार्य असेल, पण असंबद्ध नव्हती. किंबहुना तिचे मूळ वर्ध्यातच आहे. जर संपत्ती समाजाची आणि धनिक तिचा विश्वस्त, तर ज्याच्या हातून ती निर्माण होते त्याने, “माझ्या वाट्याचे काय?” असे विचारणे हा उद्धटपणा कसा? आजोबांनी जे तत्त्व मानले, त्याचाच हिशेब चाकणच्या फाटकापाशी कोणी मागत होते. फरक एवढाच की, आजोबांना तो मागणारा महात्मा होता आणि नातवाच्या घराला तो मागणारा फिटर.

कामगाराला मालकीत वाटा द्यावा, हा विचार काही संपकऱ्यांच्या डोक्यातून प्रथम निघालेला नाही. पोप अकरावे पायस यांनी १९३१ सालच्या आपल्या परिपत्रकात असे सुचविले होते की, केवळ वेतनाच्या कराराला जमेल तेथे भागीदारीच्या कराराची जोड द्यावी, जेणेकरून श्रमिक हा मालकीत, व्यवस्थापनात किंवा नफ्यात सहभागी होईल. सेवाग्राम वसण्यापूर्वी पाच वर्षे रोममध्ये लिहिले गेलेले हे वचन आणि गांधीजींची विश्वस्त-कल्पना ही दोन्ही एकाच अस्वस्थतेतून जन्मली आहेत. परंतु त्यांच्यात एक भेद आहे. विश्वस्त-कल्पना मालकाच्या अंतःकरणावर भिस्त ठेवते. भागीदारीची कल्पना श्रमिकाच्या हाती एक कागद देते. अंतःकरण पालटू शकते, पिढीगणिक तर पालटतेच. कागद तेवढा राहतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. वारसा हे ऋण आहे, आणि त्या ऋणाचे धनको दोन दिशांना उभे असतात. जे वर आहेत त्यांच्यापुढे न वाकणे, हा फेडीचा एक भाग. जे खाली आहेत त्यांना हिशेब विचारू देणे, हा दुसरा. राहुल बजाज यांनी पहिला भाग ज्या धैर्याने फेडला, त्याला आम्ही आदराने वंदन करतो. पण पहिला भाग फेडल्याने दुसरा माफ होत नाही. सत्ताधाऱ्याला निर्भयपणे प्रश्न विचारणाऱ्या धनिकाने आपल्या कारखान्यातील सर्वांत कनिष्ठ माणसालाही तेवढ्याच निर्भयपणे आपल्याला प्रश्न विचारता येतो का, हे स्वतःला विचारले पाहिजे. सभागृहातील भीती त्यांना दिसली होती. शॉप फ्लोअरवरची भीती तेवढी सहज दिसत नाही, कारण ती मान खाली घालून काम करीत असते.

हे सारे मोठ्या घराण्यांपुरते आहे, असे समजून वाचकांनी निश्चिंत होऊ नये. भोसरीत, तळवड्यात, चाकणच्या गल्ल्यांत शेकडो लहान वर्कशॉप आहेत. त्यांतली कित्येक अशा माणसांनी उभारली, जे एके काळी मोठ्या कारखान्यांत टर्नर वा फिटर होते. ज्यांनी फंडाची रक्कम घालून एक लेथ विकत घेतला. आज त्यांची मुले मालकाच्या खुर्चीत बसतात. वडिलांचे नाव पाटीवर आहे, बँकेत पत आहे, मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यात ओळख आहे. हा वारसा लहान असेल, पण वारसाच आहे. आणि त्या वर्कशॉपमध्ये ठेकेदाराने पाठविलेला, बिहारहून किंवा लातूरहून आलेला एखादा पोरगा प्रेसवर बारा तास उभा असतो. त्याचे नाव हजेरीवर आहे का? त्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो का? प्रेसच्या सुरक्षा-कळीला तार गुंडाळून ती निकामी केलेली तर नाही ना? हे प्रश्न तो पोरगा विचारील काय, आणि विचारले तर दुसऱ्या दिवशी त्याला काम मिळेल काय? विश्वस्ताची कसोटी तेथेही तीच आहे.

राहुल बजाज यांच्या जन्मदिनी, १० जून २०२२ रोजी, आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. बंद पडलेल्या जागी पुन्हा यंत्रे फिरू लागली, याचा या परिसरातल्या कोणाला आनंद होणार नाही? जुने नाव नव्या वाहनाला देता येते. जुने तत्त्व नव्या पिढीला देणे त्याहून अवघड, कारण ते पाटीवर लिहून भागत नाही. कोणी तरी हिशेबाची वही उघडून समोर ठेवावी लागते, आणि ज्याला ती वाचण्याचा अधिकार आहे त्याला ती वाचता येईल इतक्या सोप्या अक्षरात लिहावी लागते. ज्यांच्या हाती आज अशी एखादी वही आहे, मग ती कंपनीची असो, पतसंस्थेची असो की चार माणसांच्या वर्कशॉपची, त्यांनी ती या वर्षी कोणाला दाखविली, एवढे स्वतःशी आठवून पाहावे.